अक्कांचं नाक

बेंगळुरूच्या जयनगरमध्ये खोली शोधताना घरमालकांचे प्रश्न मला पाठ झाले होते. मांसाहार करता का, लग्न झालंय का, घरी यायला उशीर होतो का, भेटायला कोण कोण येणार. अक्कांनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी दार उघडलं, मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि विचारलं, "सेंट मारतेस काय?"

"कधीतरी," मी म्हणाले.

"कसला? फुलाचा की फळाचा?"

कंपनीचं पत्र, आधार कार्ड, पुण्याच्या घरमालकांनी दिलेला चांगल्या वागणुकीचा दाखला, असं सगळं मी फायलीत घालून नेलं होतं. सेंटबद्दल माझ्याकडे एकही कागद नव्हता. फुलाचा असावा, असं मी म्हणाले.

"असावा म्हणजे? अंगाला लावतेस आणि माहीत नाही?" अक्कांनी मान हलवली. "फळाचा चालत नाही इथं. जिन्यावर कणज आहेत. त्या चिडतात."

कणज म्हणजे कानडीत गांधीलमाश्या, हे मला दुसऱ्या दिवशी सामान वर चढवताना कळलं. जिन्याच्या वळणावर, सज्ज्याखाली, तळहाताएवढं राखाडी कागदी पोळं लटकत होतं आणि त्यावर बसून पंधरावीस गांधीलमाश्या माझ्या गादीकडे बघत होत्या. मी खाली जाऊन अक्कांना म्हटलं, "मॅडम, जिन्यात गांधीलमाश्या आहेत."

"आहेतच की. तुझ्या आधीपासून आहेत," अक्का म्हणाल्या. "आणि मॅडम कॉलेजात. इथं अक्का म्हण."

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. घरात मराठीही आणि कानडीही. नोकरीसाठी बेंगळुरूला आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी एका संशोधन संस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली गांधीलमाश्या आणि मधमाश्या उघडून त्यांच्या अंगातल्या ग्रंथी बघितल्या. ग्रंथी म्हणजे काय काय, हे मी भाडेकरू म्हणून जितकं शिकले तितकं शाळेत काहीच शिकले नाही. मधमाशीच्या डोक्यात दूध करणारी ग्रंथी, पोटाखाली मेण करणारी, शेपटाकडे वाट चुकलेल्यांना घरी बोलावणारी, पायातसुद्धा एक, पाऊल टेकेल तिथे वास ठेवणारी. नांगीच्या मुळाशी एक पिशवी, शेवयाच्या तुटलेल्या टोकाएवढीही नाही. जिन्यावरच्या आमच्या गांधीलमाश्यांची राणी म्हणे ह्याच पिशवीतला वास पोळ्यावर पुसून ठेवते, आणि तेवढ्यावर सगळं घर चालतं.

"मारत नाही, चावत नाही, ओरडत नाही," अक्का सांगायच्या. "इतकी गरीब असतीय की नवीन माणसाला ओळखूच येत नाही राणी कुठली. फक्त पोट घासत फिरतीय. म्हणजे बाकीच्यांना कळतंय, बाई घरात आहे."

"आणि ती गेली तर?"

"दुसरी एक तयार असतीय. पण तिच्या पिशवीत अजून माल नसतोय ना. म्हणून ती पहिले काही दिवस सगळ्यांना धरून धरून चावती. वास तयार झाला की गप्प. पहिलीसारखीच गरीब."

त्याच सुमारास माझ्या कंपनीत जुना मॅनेजर सोडून गेला आणि त्याच्या जागी टीममधलाच एकजण बसला. तो दिवसभर ऑनलाइन मीटिंगमध्ये ओरडत असे. माझं काम बहुतेक घरूनच चाले, महादेवपुऱ्याच्या ऑफिसला आठवड्यातून एखाद्या वेळीच जावं लागे, त्यामुळे त्याचा आवाज खाली अक्कांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब. तयार व्हायचाय अजून." मी थांबले. दिवाळी झाली, संक्रांत झाली. तो ओरडतच होता. अक्कांनी एकदा जिन्यात उभं राहून ती मीटिंग पूर्ण ऐकली आणि निकाल दिला, "ह्याला पिशवीच नाही."

माणसांच्या बाबतीत अक्कांचं मूळ मत असं होतं की ही जात अर्धवट बनलेली आहे. माणसाला कामाच्या ग्रंथी कमी, म्हणून त्याला बोलावं लागतं, आणि बोलणं हे वासाइतकं भरवशाचं नाही. फोन वाजला की त्या तो उचलून आधी गप्प राहायच्या. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करायचा. त्याचं करून झालं की मग, "हं, सांगा." दारात पाहुणा आला तर त्याचा शब्द फुटायच्या आधी एक मोठा श्वास घ्यायच्या. मला आधी वाटलं दम्याचा त्रास आहे. मग कळलं, ही ओळख करून घेण्याची पद्धत आहे. संस्थेत त्यांच्या नाकाची ख्याती होती म्हणे. ग्रंथीतला अर्क कशाचा आहे हे मशीन सांगायचं, पण त्याआधी अक्का सांगून मोकळ्या झालेल्या असायच्या. हे मला त्यांच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं. अक्का स्वतःबद्दल सांगत नसत.

धाकट्या अक्का चामराजपेटेत राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा परदेशात, घरात शिलाई मशीन आणि त्या. दर रविवारी रिक्षानं सारूचा, म्हणजे तिखट साराचा, स्टीलचा डबा घेऊन यायच्या आणि गेटपासूनच बोलायला लागायच्या. "हिनं जन्मभर किड्यांची पोटं फाडली," त्या मला सांगायच्या, "आणि घरी लिंबू चिरायला सांगितलं तर म्हणते, हात दुखतात." अक्का हे ऐकत जेवायच्या. जेवून झालं की म्हणायच्या, "सारू झकास." धाकट्या अक्का डबा घासून परत न्यायच्या. दोघींचं प्रेम आहे की नाही हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी पाणी आलं नाही म्हणून मी विचारायला खाली गेले. दार उघडलं आणि मागे सरकले. घरभर गॅसचा वास कोंदलेला. अक्का टेबलाशी बसून शांतपणे लसूण सोलत होत्या. शेगडीचं बटण चालू होतं, ज्योत नव्हती. मी धावत जाऊन ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"गॅस, अक्का! घरभर गॅस भरलाय!"

त्यांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. मग विचारलं, "बराच येतोय?"

"तुम्हाला वास येत नाही?" मी विचारलं.

"साथीत ताप आला होता ना मला," त्या म्हणाल्या. "तेव्हा गेला. सगळ्यांचा परत आला. माझा नाही आला."

मी डॉक्टरचं विचारलं. दाखवलं होतं. येईल, नाहीतर येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. धाकट्या अक्कांना माहीत आहे का, असं विचारलं तर त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "तिला सांगायचं नाही. ती मला उचलून चामराजपेटेला नेऊन ठेवेल. तिथं खाली वडे तळतात, वर मशीन चालतंय. मी काय करू तिथं?" मग जरा वेळानं लसणाच्या सालांकडे बघत म्हणाल्या, "कणजांत असं झालं तर त्या माशीला आपलं कोण, परकं कोण, काही कळत नाही. सगळे दिसायला सारखेच. ती नुसती बसून राहती."

मग दारातलं ते मोठा श्वास घेणं काय होतं? मी विचारलं. "सवय," अक्का म्हणाल्या. "लोक वाट बघतात."

त्या दिवसापासून मी अक्कांचं नाक झाले. शेगडी विजेची आणली, तो भाग सोपा होता. बाकीचं कठीण होतं. रोज सकाळी माझी मीटिंग सुरू होण्याआधी त्या मला खाली बोलवायच्या आणि काहीतरी पुढे धरायच्या. दूध, साबण, कढीपत्ता, जिन्यातली धूळ, वर्तमानपत्र. मी हुंगून सांगायचं.

"छान आहे," मी पहिल्या दिवशी म्हणाले.

"छान हा वास नव्हे. ते तुझं मत झालं. वास सांग."

"फुलासारखा."

"कुठल्या? किती दिवसांच्या? पाणी मारलेल्या की सुकलेल्या?"

माझ्या लक्षात आलं की मला वासाचे शब्दच येत नाहीत. मराठीत खमंग, कुबट, उग्र, आंबूस इतकं बोलून मी संपायची. मग अक्का खोदून खोदून विचारायच्या. आंबूस म्हणजे ताकाचा की घामाचा? घामाचा असेल तर पळून आलेल्याचा की घाबरलेल्याचा? मी चिडून म्हणाले, घाबरलेल्याचा वेगळा असतो का? "तुझ्यात नसेल कळत," त्या म्हणाल्या. "मधमाशीत असतो." आणि मग त्यांनी सांगितलं की मधमाशी डसते तेव्हा नांगीबरोबर पिशवी तुटून बाहेर राहते, आणि तिच्यातून जो वास सुटतो तो बाकीच्यांना सांगतो, इथं, इथं मारा. तो अगदी पिकलेल्या केळ्यासारखा असतो. त्यासाठीच फळाचा सेंट नको. प्रयोगशाळेत दुपारी केळं खायलाही त्यांनी कधी परवानगी दिली नव्हती, सहकाऱ्यांनी त्यासाठी वर तक्रारसुद्धा केली होती.

मी हळूहळू सुधारले. कोथिंबीर कालची की आजची ते डोळे मिटून सांगू लागले. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. कधी मी बरोबर शब्द पकडला की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं, फार नाही. "हं. आला," असं म्हणायच्या. वास आला नव्हता, आठवला होता. पण मी दुरुस्ती करत नसे.

समोरच्या अपार्टमेंटला आग्या माश्यांचं मोहोळ लागलं ते त्याच उन्हाळ्यात. चौथ्या मजल्याच्या स्लॅबखाली, परातीएवढं, काळं, सतत हलणारं. इथले लोक त्यांना हेज्जेनु म्हणतात. अपार्टमेंटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी म्हणजे एक सभ्य, घाईत असलेले गृहस्थ. अक्का त्यांना दोनदा भेटून आल्या. ह्या माश्या पाहुण्या आहेत, फुलं संपली की आपण होऊन उठून जातात, तोवर त्या बाजूची खिडकी लावून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. सेक्रेटरींनी दोन्ही वेळा चहा दिला.

मग एका सकाळी औषध मारणारे आले. मी खिडकीतून पाहिलं, पंप लावून एकजण गच्चीवर चढत होता. मी खाली येईपर्यंत अक्का चपला घालून रस्ता ओलांडून गेलेल्या. मी मागोमाग गेले. गेटच्या आत सेक्रेटरी, वॉचमन, दोनतीन बायका, कुणाचं तरी पार्सल घेऊन आलेला एक कुरियरवाला, सगळे मान वर करून उभे होते.

"भर दिवसा मारू नका," अक्का सेक्रेटरींना कानडीत सांगत होत्या. "सगळी पोरं जागी आहेत त्यांची."

"मॅडम, जनरल बॉडीत ठरलंय," सेक्रेटरी म्हणाले.

"त्यांच्या जनरल बॉडीत ठरलं नाही अजून."

वरून फवाऱ्याचा आवाज आला. मोहोळावरून एक काळी लाट सरकली, पुन्हा जागेवर आली. अक्का बोलतच होत्या. ह्या जातीच्या माशीची नांगी, तिची पिशवी, तिची लांबी. कुरियरवाल्यानं मानेवर चापट मारली आणि "आई गं" म्हणाला. मराठीत म्हणाला म्हणून मी वळले. आणि मला वास आला.

"अक्का," मी म्हणाले, "केळं."

त्या थांबल्या. वाक्य अर्ध्यात सोडताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"कच्चं की पिकलेलं?"

"पिकलेलं. गोड. सेंटसारखं."

"कुठून?"

मी कुरियरवाल्याकडे बोट केलं.

अक्कांनी एकदाही वर पाहिलं नाही. "ओळगे होगी!" त्या ओरडल्या. आत चला. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा तो आवाज ऐकून सेक्रेटरी सगळ्यांच्या आधी आत पळाले. तळमजल्यावर काचेच्या दारांचा हॉल होता, तिथं बायका, वॉचमन आणि मी ढकलले गेलो. दार ओढताना मी पाहिलं तर कुरियरवाला गेटपाशी गोल गोल फिरत हात हवेत मारत होता, आणि त्याच्याभोवती धूर असावा तशा माश्या. अक्का त्याच्याकडे चालत निघाल्या होत्या. धावत नव्हत्या. जवळ जाऊन त्यांनी पदर त्याच्या डोक्यावरून टाकला, त्याचे हात खाली दाबले आणि त्याला मांजर न्यावं तसं मानेला धरून आणलं. पदर त्याच्या डोक्यावर होता. म्हणजे त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं.

आत आल्या आल्या खाली बसून त्यांनी आधी त्याच्या मानेवरच्या नांग्या नखानं खरवडून काढल्या. "चिमटीत धरायच्या नाहीत. पिशवी दाबली जाती," हे मला शिकवत. मग म्हणाल्या, "आता माझ्या काढ. कपाळापासून घे." त्यांच्या कपाळावर, कानामागे, केसांत नांग्या होत्या. "वास येतोय अजून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "मग पाणी आण. धुऊन टाक," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि ते सुजून इतके बंद झाले की दुसऱ्या दिवसापर्यंत उघडले नाहीत.

कुरियरवाला सोलापूरकडचा होता. इस्पितळातून त्याला संध्याकाळीच सोडलं. अक्कांना ठेवून घेतलं.

धाकट्या अक्का आल्या त्या रडत, आणि रडणं थांबवून लगेच भांडायला लागल्या. कशाला गेलीस, तुझं घर आहे का ते, तुझ्या माश्या आहेत का त्या. मी त्यांना शांत करायला सगळी हकीकत सांगितली. केळ्याचा वास मला कसा आला, मी अक्कांना कसं सांगितलं.

"तिला कशाला सांगावं लागलं?" धाकट्या अक्का म्हणाल्या. "तिला तर तुझ्या आधी यायला पाहिजे."

सुजलेल्या डोळ्यांनी अक्का छताच्या दिशेला तोंड करून पडून होत्या.

"अक्का?" धाकट्या अक्कांनी हाक मारली.

"नाही येत," अक्का म्हणाल्या. "साथीपासून."

धाकट्या अक्कांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. बोटांवर रविवार मोजले. मग म्हणाल्या, "मग इतके रविवार सारू झकास, सारू झकास काय म्हणत होतीस?"

"झकासच असणार. तू केलेलं."

"पाडव्याला मी हिंग विसरले होते. मीठपण विसरले होते."

"मीठ कळलं होतं," अक्का म्हणाल्या. "जीभ आहे माझी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुझंच काहीतरी बिघडलंय. तुला वाईट वाटेल."

धाकट्या अक्का उठल्या, अक्कांच्या अंगावरची चादर उगीच ओढून सरळ केली, पुन्हा वाकडी केली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात रडून आल्या. त्यांना वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही.

अक्कांना कुणी चामराजपेटेला नेलं नाही. उलट झालं. धाकट्या अक्का आठ दिवसांसाठी जयनगरला आल्या, मग त्यांचं पांघरूण आलं, मग एका टेम्पोतून शिलाई मशीन आलं. अक्का म्हणाल्या, "हे कशाला?" धाकट्या अक्का म्हणाल्या, "ब्लाउज कोण शिवणार, तुझ्या कणजा?" विषय तिथं संपला. सेक्रेटरी एकदा फळांची टोपली घेऊन भेटायला आले. अक्कांनी तिच्यातली केळी वेगळी काढून त्यांच्या हातात परत दिली आणि बाकीच्या फळांसाठी आभार मानले. फवारा पुन्हा मारला गेला नाही. पावसाच्या तोंडावर मोहोळ आपण होऊन उठलं आणि भिंतीवर नुसता मेणाचा काळा डाग राहिला. तो धुवायचं मात्र असोसिएशनकडून राहून गेलं.

माझी सकाळची ड्यूटी धाकट्या अक्कांकडे गेली. मी वरून ऐकायची. "हा कसला?" "धण्याचा." "भाजलेल्या?" "भाजलेल्या. एका बाजूनं स्वल्प जास्त. माझ्या सासूबाई करायच्या तसा." इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं. मला थोडं वाईट वाटायचं, आणि मग मीटिंग सुरू व्हायची.

पुढच्या वर्षी मला पुण्याची नोकरी मिळाली. सामान आधीच गेलं होतं. मी एक बॅग घेऊन खाली आले तेव्हा दोघी गेटपाशी उभ्या होत्या. रिक्षावाला घाई करत होता. मी अक्कांच्या पाया पडले. त्यांना ते आवडत नसे. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून जवळ ओढलं, माझ्या केसांत नाक खुपसलं आणि खोल, सावकाश श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"येतोय काय?" धाकट्या अक्कांनी विचारलं.

"नाही."

"सर बाजूला." धाकट्या अक्का पुढे आल्या, माझं डोकं हुंगलं आणि बहिणीकडे वळून सांगितलं, "खोबरेल. शिकेकाई. काल रात्रीचं वरण आहे थोडं. आणि रडून आलेली आहे."

"रडण्याला वास नसतोय," अक्का म्हणाल्या.

"वास कुठं म्हणतेय मी? डोळे बघ की तिचे."

अक्कांनी बघितलं. "सरी. बरोबर," त्या म्हणाल्या आणि माझी बॅग उचलून रिक्षात ठेवली.